१२१ पराभवांचा संघ आणि तरीही तिकीट काढावं असं मैदान

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. भारतातून कुणी पाहुणे आले आणि बेसबॉल बघायचा म्हणाले की इथली बहुतेक मराठी घरं त्यांना शिकागोच्या उत्तरेला, कब्ज (Cubs) या संघाच्या मैदानावर नेतात. आम्ही दक्षिणेला जातो, ३५व्या रस्त्यावर, शहराच्या दुसऱ्या संघाकडे, व्हाइट सॉक्सकडे. २०२४ च्या हंगामात मी आणि माझ्या लेकाने तिथे नऊ सामने पाहिले. त्या वर्षी हा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. १९०० नंतरच्या मोठ्या लीगमध्ये एका हंगामात इतके सामने कुणीच हरलेलं नव्हतं. १९६२ मधला न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम त्यांनी मोडला. "हरणाऱ्यांवर कशाला पैसे घालवता?" असं माझी नणंद दर वेळी विचारते. तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी, सविस्तर लिहिते.

आधी जायचं कसं ते. गाडी नेऊ नका. आम्ही बीएनएसएफ मार्गाच्या लोकलने युनियन स्टेशनला उतरतो, जॅक्सन स्टेशनपर्यंत चालतो आणि रेड लाइन ही मेट्रो पकडतो. 'सॉक्स-३५' हे स्टेशन डॅन रायन हायवेच्या अगदी मधोमध आहे. दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट चाललेल्या असतात. जिना चढून पुलावर आलं की समोर मैदान. जुन्या कोमिस्की पार्कच्या शेजारीच १९९१ मध्ये हे उभं केलं आणि मग जुनं पाडलं. नावं बदलत गेली, सध्याचं नाव रेट फील्ड, पण आसपासच्या म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी अजून कोमिस्कीच आहे. उत्तरेकडच्या पार्किंगमध्ये जुन्या मैदानाची होम प्लेट (फटका मारणारा जिथे उभा राहतो ती पाटी) जिथे होती त्या जागी खूण करून ठेवलीय. ती बघायला आम्ही दर वेळी पाच मिनिटं काढतो.

बसायला खालचा मजला घ्या. वरचा फार उभा चढतो, सोबत सासू-सासरे असतील तर तिकडे जाऊच नका. डावीकडच्या आउटफिल्डमागे, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाला, हिरव्या खुर्च्यांमध्ये एक निळी खुर्ची दिसेल. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात पॉल कोनर्कोने तिन्ही बेसवर आपले धावपटू उभे असताना होम रन (आपल्या षटकारासारखा थेट प्रेक्षकांत जाणारा फटका) मारला, तो चेंडू तिथे पडला होता. त्या वर्षी सॉक्सने ह्यूस्टनला ४-० ने हरवून ८८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी माणसाने निर्धास्त यावं. इथला एलोटे म्हणजे मक्याचं कणीस. गाडीवाला गरम कणीस उभं धरतो, सुरीने वरून खाली सरसर दाणे सोलून कपात पाडतो, त्यावर लोणी, मेयोनेज, चीज, लाल तिखट घालतो आणि शेवटी लिंबू पिळतो. सिंहगडावर पावसात निखाऱ्यावरचं कणीस लिंबू-मीठ-तिखट चोळून खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फक्त मेयोनेज कमी घालायला सांगा. रांग लांब असते, पण सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी तिसरी झाली की ती ओसरते.

आता संघ. खरं बोलणं या खुर्च्यांतच ऐकायला मिळतं, आणि मी याच कारणासाठी परत परत जाते. आमच्या पुढच्या रांगेत एक निवृत्त बसचालक आजोबा बसतात. मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड, हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची नोंद स्वतः करतात. त्यांचं ठाम मत आहे की दोष मालकाचा. जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे १९८१ पासून हा संघ आहे, आणि २०२४ पर्यंत संघाने खेळाडूशी केलेला सगळ्यात मोठा करार होता अँड्रू बेनिनटेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. त्याच काळात लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने ओहतानी या खेळाडूला सत्तर कोटींवर आणलं. आजोबा म्हणतात, "ताटात वाढलंच नाही, तर आचाऱ्याला काय बोलायचं?"

मागच्या रांगेतली तरुण पोरं मॅनेजरवर, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकावर, चिडलेली. पेद्रो ग्रिफोल यांना २०२३ मध्ये पहिल्या वर्षी १०१ पराभव, दुसऱ्या वर्षी सलग २१ पराभव, आणि ८ ऑगस्ट २०२४ ला त्यांना काढलं तेव्हा हिशेब होता २८ विजय, ८९ पराभव. पोरांनी त्या आठवड्यात पेढेच वाटले असते. मग ग्रेडी साइझमोर आले. त्यांच्या हाताखाली संघ १३ जिंकला, ३२ हरला. मी घरी येऊन गणित मांडलं: याच गतीने पूर्ण हंगाम खेळले असते तरी ११५ च्या आसपास हरलेच असते. म्हणजे मॅनेजर बदलून फरक पडला, पण तेवढाच. या बाबतीत मी आजोबांच्या बाजूची.

पण एका गोष्टीत माझं त्यांच्याशी जमत नाही, आणि ती क्लबहाऊसची. खेळाडू कपडे बदलतात, जेवतात, पत्ते खेळतात, एकमेकांना झापतात ती खोली म्हणजे क्लबहाऊस. एप्रिल ते सप्टेंबर ही माणसं जवळजवळ रोज एकत्र असतात, घरच्यांपेक्षा जास्त. आजोबांचं म्हणणं, जिंकलं की सगळ्यांचं आपोआप पटतं, ही 'केमिस्ट्री' वगैरे वर्तमानपत्रवाल्यांची भानगड. मला हे पटत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये किनन मिडलटन हा पिचर (चेंडू टाकणारा) न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे गेल्यावर उघडपणे बोलला, की सॉक्समध्ये नियमच नव्हते, नवखे खेळाडू सामना चालू असताना बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात तिथे, झोपायचे, बैठकांना दांड्या मारायचे आणि कुणी जाब विचारत नव्हतं. ते वाचलं आणि मला माझी नोकरी आठवली.

मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी बघते. पूर्वी एका ठिकाणी होते, तिथे पाळी बदलताना कुणी कुणाला काही सांगत नसे. मशीन नीट चालत नाहीये हे आधीच्या माणसाला माहीत असायचं, तो बॅग उचलून निघून जायचा. माणसं हुशार होती, पगार बरा होता. तरी नमुने परत परत तपासावे लागायचे, कारण एकमेकांची लाज राहिली नव्हती. जिंकल्याने ती लाज येत नाही. कुणीतरी जुन्या माणसाने नव्याला बाजूला घेऊन "असं चालणार नाही" म्हणावं लागतं, आणि वरच्याने त्या जुन्या माणसाच्या पाठीशी उभं राहावं लागतं. सॉक्समध्ये ही साखळी तुटली होती असं मला मनापासून वाटतं. २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून गट जिंकलेला संघ तीन वर्षांत इथवर आला, तो नुसत्या दुखापतींनी आला नाही.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. एंजल्स या संघाविरुद्ध सामना. १२० पराभव झालेले, आज हरले की विक्रम. त्या हंगामातल्या मानाने गर्दी बरी होती. काहीजण इतिहास बघायला आले होते हे कळत होतं. सॉक्स मागे होते. "संघ विका!" अशा घोषणा सुरू झाल्या, आमच्या मागची पोरं घसा फाटेपर्यंत ओरडत होती. माझा लेक माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मी पण ओरडू?" मी म्हटलं, तुला जे वाटतं ते कर. तो गप्प बसला.

आठव्या इनिंगमध्ये सॉक्सने तीन धावा काढल्या. पुढे नेणारा फटका बेनिनटेंडीचा, त्याच साडेसात कोटींच्या माणसाचा. घोषणा चालूच होत्या आणि त्याच माणसांच्या टाळ्याही चालू होत्या. आमच्या मागचा एक जण "संघ विका" म्हणता म्हणता उभा राहून हात उंचावून नाचला. ३-२ ने जिंकले. डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवरून, सगळे बाहेर आले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. १२० सामने हरलेली ती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आणि माझे डोळे भरून आले.

पुढचे दोन सामनेही घरीच जिंकले. १२१ वा पराभव २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये झाला. तो आम्ही घरी टीव्हीवर पाहिला.

२०२५ मध्ये विल व्हेनेबल नवे मॅनेजर आले. ६० जिंकले, १०२ हरले. म्हणजे पुन्हा शंभरच्या वर, पण १९ विजय जास्त. आम्ही सहा सामने पाहिले. नव्या पोरांचा खेळ बघताना मी खास एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवलं: चूक करून डगआउटमध्ये परतणाऱ्याजवळ कोण जाऊन बसतं. आता कुणीतरी बसतं.

मैदानाला पाचपैकी चार, प्रेक्षकांना पाच. संघाला दोन, आणि ते दोन मी मनापासून देतेय. पहिल्यांदा जाणार असाल तर मंगळवार-बुधवारची संध्याकाळ निवडा, तिकीट स्वस्त मिळतं आणि शेजारच्याशी बोलायला निवांतपणा असतो. सप्टेंबरात जॅकेट न्या.

त्या मंगळवारी निघताना आजोबांनी लेकाला जवळ बोलावलं. स्कोअरकार्डवरचा आठव्या इनिंगचा रकाना त्यांनी भरलाच नव्हता, उभं राहून ओरडण्यात राहून गेला होता. त्यांनी पेन्सिल लेकाच्या हातात दिली, एकेक खेळाडू तोंडाने सांगितला आणि त्याच्याकडून तो रकाना भरून घेतला. मग कोपऱ्यात स्वतःच्या हाताने तोवरचे विजय-पराभव लिहिले, ३७-१२०, आणि कार्ड त्यालाच देऊन टाकलं. ते आता आमच्या फ्रिजवर आहे.