बॉश जीएसआर १२०-एलआय: बारा व्होल्टचा ड्रायव्हर सुतारकामाला पुरतो का?

प्लायचं फर्निचर, बिजागऱ्या, ड्रॉवर चॅनेल, एवढंच काम असेल तर पुरतो. टॉर्क (पिळण्याचा जोर) ३० न्यूटन-मीटर, चक (बिट पकडणारा जबडा) १० मिमीचा, गिअर दोन. स्क्रू पहिल्या गिअरवर, भोकं दुसऱ्यावर. क्लच, म्हणजे ठरावीक जोरानंतर फिरणं थांबवणारी आकड्यांची कडी, पाच-सहावर ठेवून सुरुवात करा आणि स्क्रूचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसेपर्यंत एकेक आकडा वाढवा. थेट ड्रिलच्या खुणेवर ठेवलात तर पार्टिकल बोर्डातले आटे गेलेच म्हणून समजा.

सागवानाच्या चौकटीत ७५ मिमीचे स्क्रू दिवसभर मारायचे असतील तर मात्र १८ व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू पिळणारा) घ्या. बॅटरी बघताना नुसते व्होल्ट बघू नका, वॉट-तास बघा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे पॅकमधली एकूण ऊर्जा. बारा व्होल्टचं पॅक खरं १०.८ चं असतं. २ अँपिअर-तासाला २१.६ वॉट-तास. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासात ७२. आणि डब्यावरचं '२० व्होल्ट मॅक्स' म्हणजे तेच १८, फक्त पूर्ण चार्जचा आकडा! गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका.

काळे ड्रायवॉल स्क्रू स्वस्त, पण ठिसूळ. कठीण लाकडात डोकं तुटून दांडी आतच राहते. तिथे ४ मिमीचा चिपबोर्ड स्क्रू, आधी अडीच-तीन मिमीचं भोक, आट्यांना थोडं मेण. कोकणात बाहेरच्या कामाला स्टेनलेसच.

घसरणाऱ्या बिटचा दोष बहुतेकदा मशीनचा नसतो: पोझी आणि फिलिप्स या दिसायला सारख्या दोन फुली-खाचा; पोझीच्या खाचेत फिलिप्सचा बिट घातलेला असतो. खाचेत चार बारीक जादा रेघा दिसल्या तर पीझेड-२ (पोझीचा दोन नंबरचा बिट) लावा.