स्कार्लेट बॅडिस : मासा स्वस्त, पण जेवणाचं काय?

दिवाळीपासून घरच्या टाकीत स्कार्लेट बॅडिस हे छोटे मासे ठेवलेत. साइज-रंग सगळ्यांना माहितीच आहे, दोन सेंटीमीटरचा लालभडक नर, अंगावर निळसर उभे पट्टे, फोटोत दिसतो तसाच प्रत्यक्षात. प्रश्न फक्त खाण्याचा आहे.

हा मासा कोरडं खात नाही. फ्लेक्स, चुरलेले पेलेट, काहीही टाका, नाकासमोरून खाली जातं आणि हा ढुंकून बघत नाही. विकणाऱ्याने सांगितलं की दोन दिवस उपाशी ठेवा, सवय होते. अजिबात ऐकू नका, एवढ्याशा जिवाचं पोट लगेच खपाटीला जातं. मुळात हा आसाम आणि उत्तर बंगालातला, ब्रह्मपुत्रेला मिळणाऱ्या उथळ स्वच्छ ओढ्यांत काठच्या झाडोऱ्यात राहून बारीक जिवंत किडे टिपणारा, त्याला पेलेट हे खाणं आहे हे कळणार कुठून! स्कॉटिश निसर्ग अभ्यासक हॅमिल्टनने 1822 सालीच या माशाची नोंद केलीय, म्हणजे नवखा मासा नाही, तरी दुकानात कोणी हे धड सांगत नाही.

मग जिवंत खाणं म्हणून ब्राइन श्रिम्प, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, अंड्यांतून घरी काढायचे. अंड्यांचा डबा सगळ्या माशांपेक्षा महाग, वर मिठाचं पाणी, एअर पंप, दीड दिवस वाट बघा, आणि न खाल्लेली पिल्लं गोड्या पाण्यात काही तासांत मरून पाणी खराब करतात. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर दोनच स्टार दिले असते.

पण नंतर बाल्कनीत बादलीभर हिरव्या, शेवाळाच्या पाण्यात डाफ्निया (गोड्या पाण्यातले बारीक जिवंत जीव) सोडले (वर जाळी बांधा, डास नकोत) आणि खर्चच संपला. शिकार बघण्यासारखी असते, नर जागेवर थांबतो, अंग किंचित वाकवतो, डोळा डाफ्नियावर रोखतो आणि एका झटक्यात गट्ट. हीटरही लागला नाही, आमच्या पुण्याच्या थंडीत मजेत राहिले. आता चार स्टार.

पाचवा कापला तो विकणाऱ्यामुळे. जोड्या मागितल्या, पैसे जोड्यांचे घेतले आणि आले सगळे नर. विचारलं तर म्हणे मादी येतच नाही. मादी फिकट, बिनपट्ट्यांची, तिला गिऱ्हाईक नाही म्हणून व्यापारात कमी दिसते हे खरंय, पण मग पैसे घेताना सांगायचं ना! नर एकमेकांना सारखे हुसकावतात, मी भरपूर जावा मॉस (पाण्यातली झुबकेदार वनस्पती) लावून प्रत्येकाला कोपरा करून दिला म्हणून निभावतंय. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

घ्यायचे असतील तर आधी डाफ्नियाची बादली चालू करा आणि मादीचा व्हिडिओ बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका.