कमी बजेटमध्ये जुनी परफॉर्मन्स बोट: 24 फुटी, एकच बिग ब्लॉक, वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

हा नव्या कोऱ्या बोटीचा रिव्ह्यू नाहीये हे आधीच सांगतो. खिशात पैसे मोजके आहेत पण ताशी 60 मैलांच्या पुढे पळणारी बोट पाहिजेच, असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांच्यासाठी आहे. मी घेतलीये ती 24 फुटी डीप व्ही, मागे एकच मर्क्रुझर 502 मॅग एमपीआय (मोठं व्ही 8 इंजिन, यालाच बिग ब्लॉक म्हणतात) आणि ब्रावो वन ड्राइव्ह (इंजिनची ताकद मागच्या पंख्यापर्यंत, म्हणजे प्रॉपपर्यंत नेणारा भाग), नव्वदच्या दशकाच्या शेवटची. बोट कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण या साईजच्या बाहा, चेकमेट, फॉर्म्युला, डॉन्झी सगळ्यांना थोडंफार हेच लागू होतं आणि नाव टाकलं की लोकं ब्रँडवरून भांडत बसतात, मुद्दा राहतो बाजूला.

माझं मत असं की बजेट कमी असेल तर छोटी, एका इंजिनची, कंपनीने दिली तशीच ठेवलेली बोट घ्या. त्याच पैशात 30 फुटी दोन इंजिनवाली मिळतेय, फोटोत जबरदस्त दिसतेय, तरी तिच्या नादाला लागू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ती म्हण बहुतेक ट्विन इंजिन बोट घेतलेल्या माणसानेच काढली असणार. दोन इंजिन म्हणजे दोन ड्राइव्ह, दोन सेट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारे पाइप), सोळा प्लग, पेट्रोल डबल, आणि एक इंजिन बसलं की दुसरं चांगलं असून उपयोग नाही. अशी बोट स्वस्तात विकायला येते तेव्हा आधीच्या मालकाने मेंटेनन्स थांबवून बरेच दिवस झालेले असतात, हा साधा हिशोब आहे.

आता बोट चालते कशी. डीप व्ही म्हणजे तळाचा व्ही मागच्या टोकापर्यंत साधारण 24 अंशांचा ठेवलेला. ही आयडिया रे हंटची. 1960 च्या मायामी नासाऊ रेसमध्ये मोपी नावाच्या त्याच्या डिझाइनच्या बोटीने खवळलेल्या समुद्रात सगळ्यांना मागे टाकलं आणि त्यानंतर डॉन ॲरोनोने फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम, सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या काढून हाच तळ जगभर नेला. चालवताना फरक लगेच कळतो, सपाट तळाची बोट जिथे कंबर मोडते तिथे ही लाट कापत जाते, एक फुटाच्या लाटा असल्या तर उलट जास्त मजा येते. पण फुकट काहीच नाही. उभी असली की डुलते, दोन माणसं एका बाजूला गेली की तिरकी होते, प्लेनवर (पाण्यावर उचलून पळायच्या स्थितीत) यायला ताकद जास्त लागते आणि त्या वेळी पुढचं टोक इतकं वर उठतं की काही सेकंद समोरचं दिसतच नाही. घरच्यांना घेऊन निवांत मासे पकडायचे असतील तर ही बोट नाहीच, उगाच स्वतःची समजूत घालू नका.

502 इंजिन मला मनापासून आवडलं. 8.2 लिटर, 415 हॉर्सपॉवर, फ्युएल इंजेक्शन, कार्ब्युरेटरची कटकट नाही, सकाळी गार असताना चावी फिरवली की सुरू. खालच्या आरपीएमला सुद्धा भरपूर टॉर्क त्यामुळे पूर्ण ढकललंच पाहिजे असं नाही. मात्र पेट्रोल पितं आणि बेफाम पितं. जुना ठोकताळा असा की पूर्ण थ्रॉटलला हॉर्सपॉवरचा दहावा भाग तेवढे गॅलन तासाला, म्हणजे इथे 40 गॅलन, जवळजवळ 150 लिटर! क्रूझला, म्हणजे आरामशीर स्पीडला, निम्म्याच्या आसपास येतं, तरी ते सुद्धा कमी नाहीच. बोट परवडते की नाही हे किमतीवरून ठरवू नका, या आकड्यावरून ठरवा. त्यापेक्षा कमी खर्चात हवी असेल तर 350 मॅग लावलेली 20-22 फुटी बघा, 5.7 लिटर, 300 हॉर्सपॉवर, पार्ट कुठेही मिळतात, आणि हलक्या बोटीत ती सुद्धा मस्त पळते.

ड्राइव्हबद्दल थोडं. अल्फा वन, मर्क्रुझरचाच हलका ड्राइव्ह, 300 हॉर्सपॉवरच्या आसपासपर्यंत ठीक, त्यावर बिग ब्लॉक लावलेली बोट दिसली की निघून या. ब्रावो वन त्यापेक्षा बराच मजबूत, स्टॉक 502 सोबत नीट वापरला तर टिकतो, पण तेच इंजिन कोणी 600 हॉर्सपॉवरपर्यंत नेलं असेल आणि वरून लाटांवरून उड्या मारल्या असतील तर वरचे गिअर गेलेच समजा. बघताना काय करायचं, तर ड्राइव्हचा खालचा पंखासारखा भाग, स्केग म्हणतात तो, दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवायचा. आत स्टिअरिंग न हलता नुसता ड्राइव्हच खटखट हलत असेल तर गिंबल रिंग (ड्राइव्ह ज्यावर वळतो ती कडी) झिजलीये, काम मोठं आहे. ड्राइव्हचं तेल काढून बघा, दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय. इंजिनवर ड्राइव्ह तेलाची छोटी बाटली असते, तिची लेव्हल उतरलेली असेल तर तेल कुठून तरी बाहेर जातंय किंवा कोणी बघितलंच नाहीये. आणि रबरी बेलोज, म्हणजे बोट आणि ड्राइव्हच्या मधले घड्यांचे रबरी कव्हर, हे कधी बदलले ते विचारायचं, पावती मागायची, आठवत नाही म्हणाला की बदललेच नाहीत असं धरून चालायचं. बेलोज फाटला की पाणी आधी गिंबल बेअरिंग आणि यू जॉइंट (ड्राइव्हकडे जाणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) खातं, आणि नंतर बोटच बुडवतं.

पण खरं सांगू का, इंजिन आणि ड्राइव्ह ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, पैसे लागतात पण होते. लाकूड कुजलेलं असेल तर खेळ संपला. ऐंशी नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच बोटींच्या ट्रान्सममध्ये (बोटीच्या मागच्या भिंतीत) प्लायवूड आणि तळाच्या स्ट्रिंगरमध्ये (आतल्या लांब आधारांमध्ये) लाकूड आहे, वरून फायबर ग्लासचा थर. कोणीतरी कधीतरी स्क्रू मारतो, नीट सील करत नाही, तिथून पाणी शिरतं आणि वर्षानुवर्षं आतल्या आत पीठ होत राहतं, वरून पॉलिश एकदम चकाचक. प्लॅस्टिकचा हातोडा घेऊन ट्रान्समवर इंचाइंचाने ठोका, चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. ड्राइव्हच्या वरच्या टोकावर पूर्ण वजन टाकून दाबा आणि दुसऱ्याला बघायला सांगा ट्रान्सम हलतोय का. हललाच तर हात मिळवा, चहा घ्या आणि घरी या, किंमत कितीही कमी केली तरी. इंजिन माउंटचे बोल्ट जिथे लाकडात जातात तिथे सुद्धा बघा, बोल्ट नुसता फिरत राहतो का ते. मॉइश्चर मीटरवाला सर्व्हेयर बोलवायचे पैसे द्यायला लोकं का कुरकुरतात मला कळत नाही, लाखमोलाच्या सौद्यात तीच रक्कम सगळ्यात नीट खर्च होते.

त्याच्या जोडीला पेट्रोलची टाकी. ॲल्युमिनियमची टाकी डेकच्या खाली फोममध्ये बसवलेली असली तर ओल धरून बाहेरून कुरतडली जाते, आणि बदलायची तर कित्येक बोटींत डेक कापावा लागतो. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी पाणी साठतं तिथे) पेट्रोलचा वास आला की बोलणं तिथेच थांबवायचं. हो, आणि चाचणीच्या वेळी सुद्धा ब्लोअर (इंजिन खोलीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवल्याशिवाय चावी फिरवू देऊ नका, बंद इंजिन खोलीत साठलेली पेट्रोलची वाफ मस्करी नाही.

विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या मॅनिफोल्डवर हात ठेवायचा, गरम लागला तर गार इंजिन सुरू व्हायला त्रास देतंय आणि ते लपवायचंय, बहुतेक वेळा हेच असतं. मग मेकॅनिककडून आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (कोणता किती दाब धरतो ते). आकडा किती यापेक्षा सगळे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत आहेत का हे महत्त्वाचं. प्लग काढलेलेच असतात तर एखाद्यावर गंज किंवा पाणी दिसतंय का बघा, कारण खाऱ्या पाण्यात चाललेल्या बोटीचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (त्यावरचा वळणारा पाइप) आतून गंजून पाणी सिलिंडरमध्ये सोडतात. खाऱ्या पाण्यात बाहेरून ओढलेल्या कच्च्या पाण्यानेच थंड होणारं इंजिन असेल तर किंमत त्या हिशोबाने पाडा, गोड्या पाण्यातली किंवा क्लोज्ड कूलिंगवाली (इंजिनात वेगळा कूलंट फिरतो ती) मिळाली तर थोडे जास्त गेले तरी चालतील. थंड प्रदेशातली बोट असेल तर ब्लॉकला बाहेरून बारीक चीर आहे का टॉर्चने बघा, हिवाळ्यात पाणी काढायचं राहिलं की बर्फ होऊन ब्लॉक फुटतो.

कमी तास चाललेली बोट म्हणजे भारी बोट, हे काही मला पटत नाही. पंचवीस वर्षं जुनी आणि मीटरवर नावापुरते तास म्हणजे ती नुसती उभी राहिलीये, सील वाळलेत, पेट्रोल सडलंय, इम्पेलरची (पाण्याच्या पंपातल्या रबरी पंख्याची) पाती वाकून तशीच कडक झालीत. दर वर्षी थोडी थोडी चाललेली आणि पावत्यांची फाइल असलेली बोट कधीही बरी.

आणि ते "इंजिन नवीन बांधलंय, मोठा कॅम टाकलाय" वाले. कोणी बांधलं, पावती कुठे, आत काय टाकलं, यातल्या एकाचंही धड उत्तर नसेल तर ते इंजिन खराबच आहे असं समजून किंमत बोला. मोठ्या कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक त्रास असा की आयडलला एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरकडे ओढलं जातं, रिव्हर्जन म्हणतात त्याला, एक्झॉस्ट त्या हिशोबाने बदललं नसेल तर व्हॉल्व्ह आतून गंजतात. आवाज मात्र असा येतो की माणूस तिथेच चेक फाडतो.

स्पीडच्या थापा पकडायला एक सोपं गणित आहे. आरपीएम गुणिले प्रॉपचा पिच (एका फेरीत तो कागदावर किती इंच पुढे जातो), भागिले (गिअर रेशो गुणिले 1056), म्हणजे ताशी मैल. समजा 4800 आरपीएम, 23 पिच, 1.5 रेशो, तर कागदावर येतात 69.7 मैल. पाण्यात प्रॉप 10-12 टक्के घसरतोच, म्हणजे खरे 61-63 मैल, ताशी 100 किलोमीटरच्या आसपास. आता समोरचा याच सेटअपवर 75 म्हणत असेल तर एक तर त्याचा स्पीडोमीटर बिघडलाय नाही तर तो. पाण्याच्या दाबावर चालणारे जुने स्पीडोमीटर तसेही फेकतात, फोनचा जीपीएस लावा.

सी ट्रायल, म्हणजे पाण्यात चालवून बघणं, न करता बोट घ्यायची नाही, यावर चर्चाच नको. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकात दिलेल्या आरपीएमपर्यंत जातंय का, 502 ला साधारण 4600 ते 5000. कमी पडत असेल तर प्रॉप जास्त पिचचा असू शकतो, एक इंच पिच कमी केला की 150 ते 200 आरपीएम वाढतात, ते स्वस्तातलं काम. पण प्रॉप बरोबर असून आरपीएम येत नसेल तर इंजिन दमलंय. तापमान आणि ऑइल प्रेशरवर डोळा ठेवा, फास्ट जाऊन आल्यावर आयडलला प्रेशर किती पडतं ते बघा. वरच्या स्पीडला बोट डावीउजवीकडे डुलायला लागली, आणि प्रत्येक डुलक्यागणिक वाढत गेली, तर ते चाइन वॉक. थोडंफार सगळ्याच करतात, थ्रॉटल झटकन बंद करायचा नाही, हळूहळू कमी करायचा आणि ट्रिम (ड्राइव्हचा वर-खाली कोन) थोडा खाली घ्यायचा. पण कमी स्पीडलाच करत असेल तर ट्रेलरवर असताना तळाच्या शेवटच्या चार पाच फुटांना सरळ पट्टी लावून बघा, चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षं राहून तळाला बाक येतो. माझी बोट 55 च्या वर गेल्यावर ट्रिम जास्त झाला की हलकी डुलते, हात बसला की जमतं. किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मात्र रोज अंगाला लावायची, या स्पीडला बाहेर फेकलो गेलो तर बोट आपली वाट बघत थांबणार नाही.

पैशाचं वाटप कसं करावं तर, एकूण जेवढे आहेत त्यातला निदान चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यात बोट शोधा. पहिल्याच सीझनला बेलोज, इम्पेलर, सगळी तेलं, बॅटऱ्या, ट्रेलरचे बेअरिंग आणि टायर हे लागतंच, बोट कितीही चांगली असो. ब्रावोला पाण्याचा पंप ड्राइव्हमध्ये नसून इंजिनवर असतो, त्यामुळे इम्पेलरसाठी ड्राइव्ह काढावा लागत नाही, पण तिथे हात घालणं म्हणजे योगासनं आहेत. इन्शुरन्सची चौकशी सौदा करण्याआधी करा, जुनी आणि वरून फास्ट बोट म्हटलं की बरेच जण नाही म्हणतात किंवा सर्व्हे रिपोर्ट मागतात. कागदपत्रं बघताना ट्रान्समवर उजव्या बाजूला वर कोरलेला 12 अक्षरआकड्यांचा हल नंबर कागदाशी जुळवा (अमेरिकेत 1972 च्या शेवटापासून बनलेल्या बोटींवर असतो), इंजिन आणि ट्रेलरचे नंबर वेगळे बघा.

मार्क द्यायचे तर चालवायला 10 पैकी 9, लाटेत 9, पेट्रोलला 2, घरच्यांच्या सोयीला 4, मेंटेनन्सला 6, ते पण आधीच्या मालकाने पावत्या ठेवल्या होत्या म्हणून. सीटचे कव्हर उन्हाने तडकलेत, गेजवर धुकं धरतं, म्युझिक सिस्टीम बंद आहे ती अजून उघडून पण बघितली नाही, 502 चालू असताना ऐकणार कोण.