चूल की गॅस? धुरातल्या बेन्झिनचा विचार

कापूस निघाला की मराठवाड्यात घराशेजारी पऱ्हाटी अन् तुराट्यांच्या गंजी लागतात. जळण फुकटचं, म्हणून गॅस असूनही भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. पण जळण अर्धवट जळतं तेव्हा धुरात बेन्झिन नावाचं विषारी रसायन असतं, आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याकडे बाहेरच्या हवेत त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. पावसाळ्यात ओली पऱ्हाटी तर नुसती धुमसते. फुंकणीनं फुंकताना बाईचं तोंड चुलीपासून हातभर अंतरावर, मांडीवर लेकरू. सगळा धूर त्या दोघांच्याच छातीत.

गॅसवरही बेन्झिन निघतं, पण चुलीच्या मानानं फारच कमी. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वासाला त्रास देणारा वायूही होतो, त्यासाठी खिडकी उघडी ठेवावी.

अडचण पैशाची. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून कनेक्शन मिळालं, तरी टाकी भरायची म्हणजे मजुरीच्या पैशाला हात लावावा लागतो. हे खरंच आहे. तरीही स्वयंपाक गॅसवरच करा, पाण्याची चूल अंगणात मांडा, आणि पेटवायला प्लास्टिक अजिबात घालू नका.