प्राग की व्हिएन्ना? हाताशी चारच दिवस असतील तर

चार दिवसांत दोन्ही शहरं उरकायचा मोह आवरा. रेल्वेने अंतर जेमतेम चार तासांचं, पण हॉटेल सोडणं, सामान, स्टेशन, पुन्हा हॉटेल यात निम्म्याहून जास्त दिवस जातो. एकच निवडा. प्रागचा इतिहास रस्त्यावर उभा आहे, व्हिएन्नाचा बराचसा दारांच्या आत आहे. निवड करताना हे आधी लक्षात घ्या.

हाब्सबुर्ग घराण्यातला पवित्र रोमन सम्राट दुसरा रुडॉल्फ याने १५८३मध्ये दरबार व्हिएन्नाहून प्रागला नेला. त्याच्यानंतर दरबार परत व्हिएन्नाला गेला आणि मौल्यवान वस्तूही हळूहळू तिकडे गेल्या. जे उरलं त्यातलं पुष्कळसं १६४८मध्ये स्वीडिश सैन्याने लुटलं. त्यामुळे रुडॉल्फने १६०२मध्ये प्रागमध्ये घडवून घेतलेला मुकुट आज व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यातल्या खजिन्यात पाहावा लागतो. चित्रांच्या ओढीने जाणाऱ्यांनी तर व्हिएन्नाच धरावं. सोळाव्या शतकातला चित्रकार थोरला ब्रुगेल याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. मात्र उन्हाळा सोडला तर ते सोमवारी बंद असतं. वार पाहूनच विमानाचं तिकीट काढा.

प्रागमध्ये दरबार राहिला नाही, पण गल्ल्या राहिल्या. १८५७मध्ये सम्राट फ्रान्त्स योझेफने व्हिएन्नाची तटबंदी पाडायचा हुकूम दिला आणि तिच्या जागी रिंगश्ट्रासे हा भव्य रस्ता झाला. प्रागच्या जुन्या गावठाणात एवढी मोठी उलथापालथ झाली ती फक्त ज्यू वस्तीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ओल्ड टाउन हॉलसमोरच्या फरशीत २७ पांढरे क्रूस बसवलेले आहेत. हाब्सबुर्ग सत्तेविरुद्धच्या बंडात सामील झालेल्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी इथेच देहदंड दिला गेला. त्याच हॉलवरच्या खगोलीय घड्याळाकडे माना वर करून उभे असलेले लोक नेमके या क्रूसांवरून चालत जातात. तिथे दोन मिनिटं तरी खाली पाहा.

प्रागचा चार्ल्स पूल ५१६ मीटर लांब. बांधकाम १३५७मध्ये सुरू झालं. सकाळी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सूर्योदयालाच गाठा. प्राग कॅसल या गडावर चढून जाण्यापेक्षा २२ नंबरच्या ट्रामने वर जा आणि पायऱ्यांनी खाली उतरा. सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, ज्यू संग्रहालय शनिवारी.

संगीतासाठी निवड सोपी नाही. मोझार्टचा ‘डॉन जोव्हानी’ हा ऑपेरा, म्हणजे संगीतनाटक, २९ ऑक्टोबर १७८७ रोजी पहिल्यांदा झाला तो प्रागच्या एस्टेट्स थिएटरमध्ये, आणि ते आजही चालू आहे. व्हिएन्नाचा स्टेट ऑपेरा १८६९मध्ये सुरू झाला तोही याच ऑपेराने. पण रोजचं, थोड्या पैशांतलं उत्तम संगीत व्हिएन्नातच मिळतं. स्टेट ऑपेरात उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं घ्या, जागा मिळाली की कठड्याला रुमाल बांधा. ती तुमची झाली, हा तिथला रिवाज. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र स्टेट ऑपेरा बंद असतो. संगीत हेच कारण असेल तर त्या महिन्यांत व्हिएन्नाला जाऊ नका.

खर्चात प्राग हलकं पडतं, पण तिथे युरो नाही, कोरुना चालतो. ‘कमिशन शून्य’ अशी पाटी असलेल्या, चलन बदलून देणाऱ्या दुकानांत दरातच कमिशन वसूल होतं. नोटा देण्याआधी हातात नेमके किती कोरुना पडणार ते विचारा. फसगत झालीच, तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपून ठेवा.

सोबत गुडघे दुखणारे आई-वडील असतील तर व्हिएन्नाच बरं. प्रागचे दगडी रस्ते आणि चढ त्यांना सोसत नाहीत. रिंगश्ट्रासेवर ट्रामच्या खिडकीतून संसद, नगरभवन, ऑपेरा सगळं बसल्या जागी दिसतं.

एवढं वाचूनही दोन्ही हवीच असतील तर किमान सात दिवस काढा. दोन्ही देशांना एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज, जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करा. मुक्काम सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.