पासिंग: मुदतीआधी दोन महिने की मुदतीच्या आठवड्यात?

गाडी पासिंगला, म्हणजे मुदत वाढवून घेण्यासाठीच्या सरकारी तपासणीला, आत्ताच न्यावी, की आरसीवरची तारीख तोंडावर येऊ द्यावी, हा प्रश्न सध्या माझ्या ओळखीतल्या तीन घरांत चर्चेला आहे. एका घरी पंधरा वर्षे भरत आलेली मोटार आहे, दुसऱ्या घरी तेवढ्याच वयाची स्कूटर, तर तिसऱ्या घरचा कर्ता पुरुष टॅक्सी चालवतो. लवकर जायला तयार नसलेल्यांना वाटते की उरलेले दिवस फुकट जातील, आणि आज चालणारी गाडी दोन महिन्यांनीही चालेलच. आकडे मांडून पाहिले तर खाजगी गाडीच्या बाबतीत ती भीती किरकोळ निघते आणि तो भरवसा महाग पडतो. टॅक्सीचा हिशेब मात्र वेगळा आहे.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 नुसार खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि पुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 52 प्रमाणे हा अर्ज नमुना 25 मध्ये करायचा असतो आणि मुदत संपण्यापूर्वी 60 दिवसांच्या आतच तो करता येतो. त्यामुळे कोणी कितीही उत्साही असला तरी सहा महिने आधी जाण्याचा प्रश्नच येत नाही. पहिल्या घरची मोटार 20 सप्टेंबर 2011 रोजी नोंदलेली आहे, म्हणजे तिची मुदत 19 सप्टेंबर 2026 ला संपेल आणि अर्ज 21 जुलैपासून करता येईल. निवड एवढ्या दोन महिन्यांतच करायची आहे.

आता पैशांचे पाहू. नवी पाच वर्षे जुनी मुदत संपल्यापासून धरली जाणार की तपासणीच्या दिवसापासून, हे अर्ज भरण्यापूर्वी वाहतूक कार्यालयाच्या काउंटरवर विचारून घ्यावे. पण वाईटात वाईट धरू आणि दोन महिने पूर्ण बुडाले असे समजू. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपयांवर गेले आहे. साठ महिन्यांवर वाटले तर महिन्याला साधारण 83 रुपये पडतात, म्हणजे दोन महिने लवकर जाण्याचा जास्तीत जास्त तोटा 167 रुपयांचा. उलट मुदत उलटल्यावर मोटारीला दर महिन्याला 500 रुपये जादा भरावे लागतात आणि महिन्याचा अंशही पूर्ण महिना धरला जातो, त्यामुळे एका दिवसाच्या उशिरालाही 500 रुपयेच. स्कूटरचे शुल्क 1,000 रुपये आणि उशिराचा दर महिना 300 रुपये आहे. तिथे लवकर जाण्याचा तोटा फार तर 33 रुपये होतो, आणि त्यावर घरात वाद घालण्यात अर्थ नाही. ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला 10,000 आणि दुचाकीला 2,000 रुपये लागू झाले आहेत, पण तेच गणित तिथे केले तरी मोटारीचा दोन महिन्यांचा तोटा 333 रुपयांच्या वर जात नाही.

जादा शुल्क हा उशिराचा सर्वांत सौम्य भाग आहे. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर कलम 192 नुसार पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी जोखीम विम्याची आहे. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असताना अपघात झालेल्या एका गाडीच्या नुकसानीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये नाकारला होता, कारण वैध नोंदणीशिवाय गाडी वापरणे हा विमा कराराच्या मूळ अटींचा भंग ठरला. तेव्हा हप्ता भरलेला आहे एवढ्यावर विसंबून मुदतीनंतर ‘दोन-चार दिवसांनी काय होते’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

खरा फरक मात्र दुरुस्तीला मिळणाऱ्या वेळात पडतो. गोव्यात गाडी वरून चकचकीत दिसते आणि खालून गेलेली असते. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी फ्लोअरचा पत्रा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या आतून खाल्लेल्या असतात. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचे पासिंग अडले होते ते भलत्याच कारणासाठी. बोनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर गंजाच्या पापुद्र्याखाली गेला होता; पेन्सिल घासून कागदावर ठसा घेतला तर पहिली काही अक्षरे स्पष्ट उमटली आणि शेवटच्या चार आकड्यांच्या जागी नुसता करडा डाग आला. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, तो भाग हलक्या हाताने साफ केला. त्याने पॉलिश पेपर वापरू दिला नाही, कारण आकडे घासले गेले तर नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो. दुसऱ्या खेपेला ठसा नीट आला, पण मधले बारा दिवस गेले. हेच मुदतीच्या आठवड्यात घडले असते तर त्यातले निम्मे दिवस गाडी अंगणात ठेवावी लागली असती.

हेडलाइटची काच पिवळी पडणे, हँडब्रेक चढावर न धरणे, एखादा इंडिकेटर न लागणे या गोष्टी एका दिवसाच्या आहेत. पत्र्याचे काम तसे नाही. टिंकरकडे गाडी ठेवली की आठ-दहा दिवस सहज जातात, आणि पावसात रंग लवकर सुकत नाही, म्हणून चांगला रंगारी जुलैत हात लावायलाच नाखूश असतो. फ्लोअर इतका गेला असेल की वेल्डिंगला धरण्यापुरताही धड पत्रा उरलेला नाही, तर 5,000 रुपये शुल्क आणि त्याच्या कितीतरी पट दुरुस्ती करण्यापेक्षा गाडी अधिकृत स्क्रॅप केंद्रात देण्याचा विचार करावा. त्या प्रमाणपत्रावर नव्या खाजगी गाडीच्या करात 25 टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राने 2021 मध्ये केलेली आहे. हा निर्णय घ्यायलाही हातात दिवस असावे लागतात.

लवकर जाण्याला एक खरी आडकाठी आहे आणि ती पैशांची नाही. तपासणीत गाडी नापास झाली तर जुन्या आरसीवर दोन महिने शिल्लक आहेत म्हणून ती बेधडक चालवता येईल, असा समज चुकीचा आहे. सार्वजनिक जागी धोकादायक ठरेल अशा स्थितीतल्या वाहनाची नोंदणी कलम 53 खाली स्थगित होऊ शकते, आणि व्यावसायिक वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र कलम 56 नुसार, कारणे लेखी नोंदवून, मुदत शिल्लक असतानाही रद्द करता येते. म्हणून लवकर जायचे ते नशीब आजमावायला नव्हे. आधी ओळखीच्या मेस्ताकडे गाडी खड्ड्यावर किंवा जॅकवर घेऊन खालून पाहून घ्यावी, आणि मगच अर्ज करावा.

पहिल्या घरच्या मोटारीला आणखी एक अडचण आहे, ती पंचांगाची. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला येते, म्हणजे मुदत संपायच्या पाच दिवस आधी. चवथीच्या आठवड्यात गोव्यात मेस्त, टिंकर आणि स्पेअर पार्टवाला या तिघांनाही एकाच दिवशी गाठणे किती कठीण असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, आणि कार्यालयाच्या सुट्ट्या वेगळ्याच. त्यात ही गाडी मूळ गावी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या सजावटीचे, सामान घेऊन जायलाच हवी असते. त्यांना मी जुलैच्या सुरुवातीला मेस्त, जुलैअखेर अर्ज आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तपासणी असे सुचवले आहे. त्या दिवशी विमा आणि पियूसी चालू असायला हवेत. बीएस-चार या धुराच्या मानकापूर्वीच्या गाडीचा पियूसी सहाच महिन्यांचा असतो आणि चाचणीच्या दिवसापासून मोजला जातो. तो एक महिना आधी केला तर सहावा हिस्सा वाया जातो, म्हणून पियूसीपुरते लवकर जाण्यात फायदा नाही, फक्त पासिंगच्या दिवशी तो संपलेला नसावा.

टॅक्सीचा हिशेब उलटा लागतो. नियम 62 प्रमाणे व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचे आणि त्यानंतर एकाच वर्षाचे फिटनेस मिळते. दिवस बुडतात असे धरले तर दोन महिने लवकर जाण्याने वर्षाच्या प्रमाणपत्राचा सहावा हिस्सा जातो, आणि दरवर्षी तसेच करत राहिले तर सहा वर्षांच्या काळात एक तपासणी जास्तीची पडते. उशिराला दिवसाला 50 रुपये जादा शुल्क आहे, पण ते बाजूलाच राहते, कारण कलम 56 नुसार फिटनेस नसलेले व्यावसायिक वाहन वैध नोंदणी असलेलेच मानले जात नाही. गाडी उभी राहते आणि भाडे बुडते. त्यामुळे ज्याची मुदत जून-जुलैत येते त्याने पंधरा दिवस आधी जावे, त्याहून लवकर जाण्याची गरज नाही. पर्यटक कमी असतात, गाडी चार दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी फारसे बिघडत नाही.

तिसऱ्या घरच्या टॅक्सीची मुदत मात्र 28 डिसेंबरला संपते. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून मिळणारी भाडी हीच त्याची वर्षातली मोठी कमाई असते, आणि त्या दिवसांत ब्रेकच्या तक्रारीवरून गाडी अडकणे त्याला परवडणार नाही. चाळीस दिवस बुडाले तरी चालतील असा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि नोव्हेंबरचा तिसरा आठवडा ठरवला. पुढच्या वर्षीपासून त्याची तारीख डिसेंबरातून मागे सरकली, तर त्यात त्याचे नुकसान काही नाही. स्कूटरवाल्यांनी अजून काहीच ठरवलेले नाही. तिचे स्टॅन्डच गंजून गळाले आहे, तेवढे त्यांनी आधी बसवून घ्यावे.