डीएम-२ च्या खोक्यात पीटी-२३९९: माझे १९,७०० रुपये कसे गेले

जुनं ॲनालॉग डिले पेडल, म्हणजे गिटारचा सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं पायाने चालवायचं यंत्र, सेकंडहँड घ्यायच्या बेतात असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचून घ्या. माझे १९,७०० रुपये गेलेत. त्यातले १८,५०० पेडलचे आणि १,२०० 'पार्सलच्या विम्याचे', जे माल पोचल्यावर परत मिळणार होते. हाती काय आलं? बॉस कंपनीच्या डीएम-२ पेडलचं अस्सल बाहेरचं खोकं आणि त्याच्या आत कुणीही हाताने जोडू शकेल असं पीटी-२३९९ या डिजिटल चिपचं किट. इतकी वर्षं गिटार वाजवते आणि तुला आवाज कळला नाही का, हे घरच्यांपासून बँडमधल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी तोंडावर विचारून झालंय. आवाज मला कळला होता. कळूनही पैसे का गेले, तेच सांगायचंय.

असे लोक कसे गाठतात ते तुम्हाला माहीत आहेच. 'ताई, अजून दोघं मागे लागलेत, पण तुम्ही वाजवणाऱ्या आहात म्हणून तुम्हालाच देतो.' आधी बुकिंगचे ५,००० घेतले, पार्सलच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले १३,५००, आणि त्याच संध्याकाळी विम्याचे १,२००. ज्या ॲपवर जाहिरात पाहिली त्याच्या बाहेर, सगळं बोलणं फोनवर. किंमतही मुद्दाम बेतलेली होती. फुकटात मिळतंय असं वाटलं असतं तर मी फिरकलेच नसते. बाजारभावापेक्षा जरा कमी, इतकंच.

डीएम-२ चाच हट्ट का, हे ज्याने त्याचे रिपीट्स, म्हणजे परत येणारे सूर, ऐकलेत त्याला सांगावं लागत नाही. हे पेडल १९८१ ते १९८४ एवढंच बनलं. आत बकेट ब्रिगेड चिप असते. ही कल्पना फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये मांडली. आग लागल्यावर रांगेत उभे राहून लोक पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे सरकवतात, तसा गिटारचा सिग्नल कपॅसिटरच्या रांगेतून क्लॉकच्या, म्हणजे ठेका देणाऱ्या सर्किटच्या, ठेक्यावर पुढे सरकतो. सुरुवातीच्या डीएम-२ मध्ये एमएन-३००५ ही चिप यायची, नंतरच्यांत एमएन-३२०५. दोन्हींत ४,०९६ टप्पे. प्रत्येक रिपीट आधीच्यापेक्षा थोडा मंद, थोडा मऊ होत जातो आणि तुम्ही वाजवताय त्या सुराच्या आड येत नाही. त्यासाठी मी पैसे साठवले होते.

आता विकणाऱ्याने पाठवलेल्या डेमो व्हिडिओकडे येते.

पैसे पाठवायच्या आधी मी डेमो मागितला. त्याने पाठवला. मागे मेट्रोनोम चालू होता, मिनिटाला १२० टिकांचा. रिपीट रेटचा (डिलेच्या वेळेचा) नॉब टोकाला, इंटेन्सिटी (रिपीट किती वेळा यावा तो नॉब) मध्यावर. तो एक सूर वाजवायचा आणि रिपीट बरोब्बर पुढच्या टिकवर येऊन पडायचा. १२० च्या लयीत दोन टिकांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद असतं. डीएम-२ जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद देतं, २० ते ३००, हे मला तोंडपाठ आहे. मी टेबलावर बोट आपटत तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि मला ते खटकलं. खटकलं म्हणून मी विचारलंही. त्याचं उत्तर तयार होतं. 'ताई, आधीच्या मालकाने क्लॉकचा कपॅसिटर बदलून घेतलाय, टाइम वाढवायला.'

आता मला नावं ठेवणाऱ्यांनी ऐका. असा मॉड, म्हणजे सर्किटमधला फेरफार, खरोखर होतो. क्लॉक हळू केला की डिले वाढतो, हे खरंच आहे. माणूस तांत्रिक भाषेत बोलत होता आणि बरोबर बोलत होता. सर्किट न कळणारा भामटा असता तर मी त्याला तिथेच पकडलं असतं. हा सर्किट कळणारा भामटा होता.

पण पुढचं गणित मी त्या रात्री केलं नाही आणि ते आजही डोक्यातून जात नाही. डिलेची वेळ म्हणजे टप्प्यांची संख्या भागिले क्लॉकची दुप्पट. ४,०९६ टप्प्यांतून ३०० मिलिसेकंद हवे असतील तर क्लॉक साधारण ६.८ किलोहर्ट्झवर आणावा लागतो. ५०० हवे असतील तर ४.१ वर. क्लॉकच्या निम्म्यापेक्षा वरचं काहीही त्या चिपमधून धड बाहेर येत नाही, म्हणजे २ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. पिकचा 'टक' राहणार नाही, सूर गोधडीखाली दाबल्यासारखा येईल, शिवाय ४ किलोहर्ट्झची क्लॉकची शिट्टी कानाला टोचेल. व्हिडिओत काय होतं? पहिल्या रिपीटमध्ये पिकचा टक लख्ख ऐकू येत होता. शिट्टीचा मागमूस नाही. पुरावा त्याने स्वतःच्या हाताने मला पाठवला होता, मी तो हेडफोन लावून ऐकला होता, आणि तरी ५,००० रुपये पाठवले. एका चिपचं पेडल, लांब डिले आणि चकचकीत रिपीट्स, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की थांबा.

पेडल आलं. जांभळट गुलाबी रंग, कडांना उडालेला, रबराचं पॅड झिजलेलं, सगळं जिथल्या तिथे. लावलं तर आवाज चांगला, पण डीएम-२ नाही. त्यालाही त्याच्याकडे कारण होतं. 'जुनं मॉडेल आहे, एसीए अडॅप्टरवालं, तुमच्या रेग्युलेटेड नऊ व्होल्टवर कमी पडतं.' हेसुद्धा खरं आहे. त्या काळच्या एसीए पेडलांना, म्हणजे बॉसचा जुना एसीए अडॅप्टर धरून बनवलेल्या पेडलांना, आजचं नऊ व्होल्टचं अडॅप्टर एकटं लावलं तर ती पुरी चालत नाहीत, एलईडी मंद पेटतो. माझ्या पेडलचा एलईडी मात्र झगझगीत पेटत होता.

आणि वर सूचना, 'उघडू नका हं ताई, आतले ट्रिमपॉट सेट केलेले आहेत, हलले तर चिपचा बायस जाईल.' ट्रिमपॉट, म्हणजे जुळणी करायचे छोटे नॉब, आत असतात, बायस, म्हणजे चिपला लागणारा ठरावीक व्होल्टेज, हलला तर रिपीट फाटका येतो, हेही बरोबर. पण मागची पट्टी काढल्याने कुठलाच ट्रिमपॉट हलत नाही. जो विकणारा 'उघडू नका' म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

शेवटी उघडलंच. पट्टीचे चार स्क्रू काढले, प्लास्टिकचा पातळ कागद उचलला. खाली तपकिरी छिद्रांचा तयार बोर्ड, गरम गोंदाने चिकटवलेला, आणि मधोमध १६ पायांची चिप. एमएन-३००५ असो की एमएन-३२०५, पाय ८ असतात. चिपवरचं नाव घासलेलं होतं, पण पुरतं नाही, '२३९९' तिरक्या उजेडात वाचता येत होतं. शेजारी पाच व्होल्टचा छोटा रेग्युलेटर. पीटी-२३९९ पाच व्होल्टवर चालते, तिला तो लागतोच. ही चिप वाईट नाही. आत आवाजाचे आकडे करून मेमरीत ठेवते आणि परत काढते, म्हणजे डिजिटल डिलेच, आणि स्वस्तातली कितीतरी चांगली पेडलं तिच्यावर चालतात. तिच्या नावाने आणि तिच्या भावात विकली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं.

मी फोटो पाठवले. त्याने ते पाहिले, आणि मग नंबर बंद.

इथून पुढचा अनुभव मला जास्त झोंबलाय. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांचं उत्तर, व्यवहार आमच्या बाहेर झाला, आम्ही जबाबदार नाही. मग त्या माणसाची जाहिरात अजून कशी चालू आहे? त्यावर उत्तर नाही. तोच फोटो, तेच खोकं, फक्त नाव बदललेलं. मी तक्रारीचं बटण दाबलं की 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' येतं.

बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, कुणी चोरले नाहीत, त्यामुळे फसवणुकीच्या रकान्यात बसत नाही. मग कशात बसतं? खातं तुमच्याच बँकेत आहे, निदान गोठवा तरी. त्यासाठी पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांकडे गेले तर ते म्हणतात आधी बँकेचं लेखी आणा. कुरिअरवाल्यांनी तर विमा असा काही घेतलाच नव्हता म्हणून सांगितलं, म्हणजे ते १,२०० वेगळेच लुबाडलेले. पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला, गोपनीय आहे म्हणाले.

पोलीस ठाण्यात पेडल, गिटार आणि छोटा अँप घेऊन गेले होते, दाखवता यावं म्हणून. ठाणे अंमलदारांनी पेडल हातात घेतलं, पायाने दाबायचं बटण अंगठ्याने दाबलं, लाल दिवा लागला. 'चालतंय की हो, ताई.' चालतं म्हणूनच तर फसवणूक झाली, साहेब! नकली सोन्याची बांगडी हातात बसते म्हणून सराफ सुटतो का? तुम्हाला वस्तू मिळाली, मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा. मी म्हटलं, आतला माल बदललाय, जाहिरातीत लिहिलंय अस्सल, त्याच्या तोंडचं रेकॉर्डिंग आहे. तर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. पेडल दुरुस्त करणाऱ्या एकाने बोर्ड पाहून एका क्षणात सांगितलं काय आहे ते, पण कागदावर सही द्यायला तो तयार नाही, कोर्टाच्या फेऱ्या नकोत म्हणे. त्याला दोष तरी काय देऊ? आणि बाहेर पडताना मागून ऐकू आलं, 'बायकांचे काय एकेक शौक.' १९,७०० रुपयांचा मोबाइल गेला असता तर हे कुणी बोललं असतं? अर्ज घेतला, शिक्का मारला. बस्स.

जे आता घेणार आहेत त्यांच्यासाठी. विकणाऱ्याकडून आतल्या बोर्डाचा फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. चिपवरचा नंबर वाचता आला पाहिजे. खालच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर खोक्याचा असतो, बोर्डाचा नाही, त्यावर विसंबू नका. टाइम (डीएम-२ वर रिपीट रेट) टोकाला नेऊन, फीडबॅक (इंटेन्सिटी) अगदी खाली ठेवून, एकच दाबलेला सूर वाजवायला सांगा आणि ते रेकॉर्डिंग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडून सूर आणि रिपीट यांतलं अंतर मोजा. डीएम-२ म्हणून विकलेलं ३०० च्या फार पुढे गेलं तर पैसे पाठवू नका, मॉडची कुठलीही गोष्ट ऐकू नका. फीडबॅक चढवून टाइमचा नॉब फिरवला की सूर वाकतो, ओरडतो, म्हणजे ॲनालॉग, असं सांगणारे भेटतील. पीटी-२३९९ सुद्धा तस्संच वाकवते, ओरडते. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आणि जुनंच हवं असं नसेल तर नव्यातलं घ्या. बॉसने २०१४ मध्ये डीएम-२डब्ल्यू काढलं. त्यात जुना ३०० चा मोडही आहे आणि ८०० पर्यंत जाणारा दुसराही. एमएक्सआरचं कार्बन कॉपी ६०० देतं. बिल मिळतं, वॉरंटी मिळते, बिघडलं तर परत न्यायला दुकान असतं. ज्यांना १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा छोटा स्लॅपबॅक, म्हणजे एकच झटपट प्रतिध्वनी, लागतो, त्यांनी तर चार दशकांपूर्वीच्या खोक्यासाठी जीव टाकायचं काही कारण नाही. ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नंतर लावा, मिक्स (रिपीटचा आवाज) कमी ठेवा, काम होतं.

गेल्या काही महिन्यांत ज्यांनी कुणाकडून डीएम-२ मागवलंय आणि 'उघडू नका' हे वाक्य ऐकलंय, त्यांनी आजच पट्टी काढून ८ पायांची एमएन-३००५ किंवा एमएन-३२०५ आहे का पाहा. ती नसेल आणि १६ पायांची २३९९ निघाली तर गोंद खरवडू नका, काही सोल्डर करू नका, आहे तसे फोटो काढा आणि आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. माझा अर्ज एकटा पडलाय म्हणून तो दिवाणी आहे. एकाच माणसाविरुद्ध असे चार अर्ज आले की तो दिवाणी आहे म्हणून सांगणं त्यांना जड जाईल.